तुपाची धार सोडण्याआधी विचारा : किनाऱ्यावरच्या हॉटेलमालकांना खुले पत्र

प्रति,
अलिबाग-मुरुडपासून दापोली-गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यावरील हॉटेल, रिसॉर्ट व खानावळींचे चालक-मालक आणि त्यांच्या संघटना

स. न. वि. वि.

‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. आढळल्यास दंड आकारला जाईल.’ ही पाटी आता तुमच्यापैकी अनेकांच्या काउंटरवर लागली आहे. ती का लागली हे मला कळतं. शनिवार-रविवारची टोळकी बिर्याणीची पातेली आणि बाटल्या घेऊन येतात, खोलीभर पसारा करतात आणि चादरीवरचे रश्श्याचे डाग तुमच्या पोरांना घासावे लागतात. त्यांच्यासाठी पाटी लावलीत तर माझं काहीच म्हणणं नाही. पण या हंगामात हा दंड भरताना मी ज्यांना पाहिलं, त्यांच्या पिशवीत बाटली नव्हती. सीलबंद पाकिटं होती, ट्यूनाचे डबे होते, फॉइलचा एक रोल आणि घरून आणलेला छोटा तवा होता. ती माझी आत्येबहीण आणि तिचं कुटुंब. ती कोशर, म्हणजे ज्यू धर्मातले खाण्याचे नियम, पाळते; तिची मुलगी व्हिगन आहे, म्हणजे दूध-तूपही खात नाही. आणि सगळ्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाचे पैसे तुमच्या पॅकेजमध्ये आधीच भरलेले होते.

त्या हॉटेलचं नाव मी लिहिणार नाही. मॅनेजर सभ्य होता, आवाजही चढवला नाही त्याने. ‘नियम सगळ्यांना सारखा, मॅडम,’ एवढंच म्हणाला आणि बिलात ‘आउटसाइड फूड’ अशी एक ओळ वाढवली. ही ओळ मला गप्प राहून गिळता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. मी ठाण्याची बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारी कोकणातली ज्यू, तुमच्याच मुलखातली. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडप्यांनिशी वाचले, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत आहे. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आमची आडनावं बघा : दिवेकर, पेणकर, नवगावकर, राजपूरकर. सगळी तुमच्या तालुक्यांतली गावं. अलिबागला इस्रायल आळीत आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, रेवदंड्याचं बेथ एल 1842 सालचं आहे. गावं मागे पडली, बरीचशी माणसं इस्रायलला गेली, अश्दोद, लोद, दिमोना इथे स्थिरावली. पण त्यांच्या म्हाताऱ्या अजून घरात मराठी बोलतात, आणि नातवंडांना आजीचं गाव बघायचं असतं. हिवाळा लागला की ही मंडळी मुंबईला उतरतात, गेटवेहून मांडव्याची बोट धरतात आणि तुमच्या दारात येतात.

ती समुद्र बघायला येत नाहीत. समुद्र अश्दोदलाही आहे. ती नवगावचं दफनस्थान, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा, आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा खडक, पणजोबांच्या घराचा चौथरा बघायला येतात. तीन-चार दिवस राहतात, गाडी करतात, पोरांना उंटावर बसवतात, सुपारीपासून पोह्याच्या पापडांपर्यंत खरेदी करतात. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून बघितलं तरी वाईट नाहीत. आणि जेवायची वेळ आली की काकडी, केळी नि शहाळं यांवर दिवस काढतात.

कोशरचे नियम ऐकायला अवघड वाटतात, पण स्वयंपाक करणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतील. डुक्कर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मासा हवा तर त्याला पर आणि खवले दोन्ही पाहिजेत, म्हणजे सुरमई, पापलेट, बांगडा, रावस चालतात; कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी, शिंगाळा चालत नाहीत. मांस आमच्या पद्धतीने कापलेलं असावं लागतं आणि ते मुंबईबाहेर मिळणं जवळपास अशक्य, म्हणून प्रवासात आमची माणसं मटण-कोंबडीचा विषयच काढत नाहीत. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र वाढायचं नाही. पालेभाजी, फ्लॉवर, धान्य नीट निवडलेलं हवं, किडा पोटात जाता कामा नये. राहिली भांडी : ज्या कढईत कोळंबी तळली तिच्यात आमचे वडे तळायचे नाहीत. यापुढे कोण किती कडक पाळतं ते घरागणिक बदलतं. माझी बहीण बऱ्यापैकी कडक आहे. मी तिच्याइतकी नाही, आणि त्यावरून आमची तिसरी पिढी भांडते आहे.

व्हिगनचं त्याहून सोपं. प्राण्यापासून आलेलं काहीच नाही : मांस, मासे, अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधही नाही. भांड्यांबद्दल भाचीचा तितका आग्रह नसतो. म्हणजे एकीला तूप चालतं पण तवा चालत नाही, दुसरीला तवा चालतो पण तूप चालत नाही. अशा दोघी एकाच टेबलाशी बसल्या की वेटरचं तोंड बघण्यासारखं होतं, हे मी कबूल करते.

आता तक्रारी.

पहिली, फोनवरच्या ‘हो’बद्दल. बुकिंग करताना मी सगळं सांगते. समोरून उत्तर ठरलेलं : ‘सगळं मिळेल ताई, काळजी करू नका, प्युअर व्हेजचं किचन वेगळं आहे.’ तिथे पोचल्यावर कळतं की किचन एकच आहे, वेगळी आहे ती फक्त ओट्याची डावी बाजू. भजी आणि मच्छीचे तुकडे एकाच तेलातून निघतात. सकाळी पापड आणि पापलेट एकाच शेगडीच्या एकाच जाळीवर. फोनवर ‘नाही, आमच्याकडे जमणार नाही’ असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही अलिबागच्या बाजारातून भाजी घेऊन, स्वयंपाकघर असलेली एखादी खोली भाड्याने घेतली असती. ‘नाही’ ऐकून आम्हाला राग येत नाही. खोट्या ‘हो’चे हजारो रुपये मात्र आगाऊ भरलेले असतात.

दुसरी तक्रार माशाच्या नावाची. मेनूकार्डावर ‘फिश फ्राय’, ‘फिश फिंगर’, ‘फिश टिक्का’. कोणता मासा? ‘फ्रेश फिश आहे, मॅडम.’ अहो, पण कोणता? किनाऱ्यावर बसून तुम्ही पुष्कळदा बासा वाढता. बासा म्हणजे शिंगाळ्याच्या जातीतला, खवले नसलेला, शेततळ्यांत वाढवलेला मासा. गोठवलेल्या पांढऱ्या पाकिटातून येतो आणि मसाला लावला की ओळखू येत नाही. कोशर पाळणाऱ्याला तो चालत नाही. पण आमचं सोडा, समुद्राच्या वाऱ्यात बसून ताजी मच्छी म्हणून पैसे मोजणाऱ्या पुणेकराला तरी तो चालतो का, विचारून बघा. ज्या कोळणीकडून तुम्ही सकाळी मासळी घेता, ती कधी नुसतं ‘फिश’ म्हणून टोपली पुढे सरकवते का? तुकडा कातडीसकट ठेवा, नाव लिहा. एवढ्याने निम्मा प्रश्न मिटतो.

तिसरी तक्रार तुपाची, आणि ही मोठी आहे.

‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीच्या आड दूध-तूप किती ठिकाणी शिरलेलं असतं हे भाचीबरोबर फिरल्याशिवाय ध्यानात येत नाही. वरणावर धार असते, ती दिसते तरी. न दिसणारं जास्त आहे. भाकरी तव्यावरून उतरताच पळीने तूप फिरवलेलं. टोमॅटोच्या साराला तुपाची फोडणी. मसालेभातावर शेवटी एक चमचा. मोदकाच्या उकडीत तूप. डोशाखाली लोणी, चटणीत दही. नानच्या पिठात दही किंवा दूध, कधी अंडं. मोठ्या किचनमध्ये सकाळीच लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या घालून ठेवतात; पांढरीत दूध, खवा नाहीतर क्रीम असतं, आणि ऑर्डर आल्यावर ‘जरा चव यावी म्हणून’ एक डाव पांढरीचा लालमध्येही जातो. त्या वेळी तुम्ही कितीही ‘क्रीम घालू नका’ म्हणा, ते आधीच आत गेलेलं असतं.

या सगळ्यावर ताटाशी उत्तर काय मिळतं? ‘घी तो व्हेज ही होता है, मॅडम.’ मुलगा चुकीचं बोलत नाही. सरकारी हिरव्या ठिपक्याच्या हिशेबातही तूप, दूध आणि मध शाकाहारीच आहेत. म्हणूनच तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2022 मध्ये व्हिगन पदार्थांचे वेगळे नियम काढले आणि वेगळं चिन्ह ठरवलं : चौकोनातलं हिरवं ‘व्ही’ अक्षर, त्याला पालवी. घटकांतच नव्हे, तर प्रक्रियेत वापरलेल्या द्रव्यांतही प्राणिजन्य काही नसावं अशी त्यातली अट आहे. पण ते चिन्ह पाकिटांवर बघायला मिळतं. तुमच्या किचनमधून बाहेर येणाऱ्या ताटाला पाकीट नसतं, तिथे फक्त तुमचा शब्द असतो.

आणि हा केवळ आवडीनिवडीचा मामला नाही. दूध हे नियमांनुसार जाहीर करायच्या ॲलर्जीकारक घटकांपैकी एक आहे. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनी मोठ्या साखळी हॉटेलांना आणि केंद्रीय परवानाधारकांना मेनूवर कॅलरी व ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक केलं. दहाहून कमी शाखांची, साध्या परवान्यावरची तुमची हॉटेलं त्यातून सुटली. कायद्यातून सुटलात म्हणून दुधाची ॲलर्जी असलेलं पोर तुमच्याकडे येणारच नाही असं थोडंच आहे. युरोपात डिसेंबर 2014 पासून चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती गल्लीतल्या छोट्या कॅफेलाही द्यावी लागते. इस्रायलमध्ये कोशर हॉटेलच्या भिंतीवर दाखला टांगलेला असतो, त्यावर मुदत आणि जागा मांसाची की दुधाची हे लिहिलेलं असतं. तिथलं सगळंच गुण्यागोविंदाने चालतं असं नाही, दाखला कुणी द्यायचा यावरून तिथेही पुष्कळ वाद आहेत. पण जेवणाऱ्याला वाचायला काहीतरी मिळतं.

चौथी तक्रार पॅकेजची. किनाऱ्यावर आता माणशी दराची पद्धत रूढ झाली आहे : येताच कोकम सरबत, दुपारचं जेवण, संध्याकाळी भजी-चहा, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, सगळं मिळून एक आकडा. नुसती खोली द्या म्हटलं की ‘तसं आमच्याकडे नाही’. म्हणजे न जेवलेल्या जेवणाचे पैसे द्यायचे, आपला डबा उघडायचा नाही, उघडला तर दंड. हे तिन्ही एकत्र लावलंत तर त्या माणसाने नक्की काय करायचं? डायलिसिसवर असलेला, ग्लुटेन न चालणारा, लहान बाळाला भरवणारा, सगळेच या पेचात सापडतात. आमचं निदान देवधर्माचं म्हणून लोक ऐकून तरी घेतात.

पाचवी छोटी आहे. जो माणूस ऑर्डर घेतो त्याला पदार्थात काय आहे माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्या आचाऱ्याला बाहेर यायची परवानगी नसते.

‘चार माणसांसाठी एवढं कोण करणार?’ हा तुमचा प्रश्न मला इथे ऐकू येतो आहे. महाराष्ट्रात आमचा समाज आता काही हजारांवर आला आहे. 2016 मध्ये राज्य शासनाने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तो आकड्यांकडे बघूनच. त्यामुळे आमच्यासाठी वेगळं कोशर हॉटेल काढा असं मी म्हणत नाही; ते चालणारही नाही. मुंबईत कुलाब्याला छबाद या ज्यू धार्मिक संस्थेचं छबाद हाउस आहे, गोव्यात आणि हिमाचलात इस्रायली तरुणांच्या वाटेवर छबादची घरं आहेत, तिथे कोशर जेवण मिळतं. हिमाचलातल्या कसोलच्या हॉटेलांत तर हिब्रू मेनूकार्डं आहेत. पण हिब्रूत लिहिलं म्हणजे कोशर झालं असं नाही, हे तिथे जाऊन आलेल्या भाच्याने मला सांगितलं. अक्षरं हिब्रू, कढई तीच.

तुम्हाला जमत नाही हे मात्र मी मान्य करणार नाही, कारण याहून अवघड गोष्टी तुम्ही रोज करता. जैन गिऱ्हाईक आलं की काय होतं? कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, कंदमूळ काहीच नाही. तरी तुम्ही जैन पावभाजी करता, कच्च्या केळ्याची. जैन पिझ्झा करता. काही जण सूर्यास्ताआधी जेवण वाढून देता. एके काळी कोकणातल्या खानावळीत कांद्याशिवाय रस्सा मागितला असता तर मालकाने वेड्यात काढलं असतं. गिऱ्हाईक येत राहिलं, तुम्ही शिकलात. उपवासाचंही तसंच. आषाढी, महाशिवरात्र, अंगारकी आली की हळद, मोहरी, हिंग बाजूला ठेवून तुमचा आचारी शेंगदाण्याची आमटी करतो आणि ‘उपवासाचं तळण वेगळ्या तेलात’ असं आपणहून सांगतो. म्हणजे वेगळी कढई, वेगळं तेल, काय घातलं आणि काय नाही याचा हिशेब, हे सगळं तुमच्या किचनमध्ये आधीपासून आहे. ते आमच्यापुरतं थोडं पुढे सरकवायचं आहे.

आणि गंमत अशी की किनाऱ्याचं मूळ जेवण या दोघींसाठी फार सोयीचं आहे. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्यांची आमटी, ओल्या काजूंची उसळ, केळफुलाची भाजी, फणसाची भाजी, घावन, सोलकढी, नारळाच्या रसातले शिरवाळे. यांत दुधाचा थेंब नाही. आमच्या घरांतही मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कोंबडीचा रस्सा नारळाच्या दुधात होतो, आणि नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो तोही नारळाच्या दुधातच. हन्नाबीच्या नवसाचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. हे आम्ही बाहेरून आणलं नाही, तुमच्याच वाड्यांतल्या नारळावर शिकलो. तुमच्या मेनूकार्डावर मात्र पनीर टिक्का मसाला, व्हेज कोल्हापुरी आणि मशरूम हंडी. कोकणात येऊन माणूस पनीर खातो, आणि बिरडं मागितलं की ‘ऑर्डर आधी द्यावी लागते’. यात कोशर-व्हिगनचा काही संबंध नाही, हा माझा वेगळा राग आहे. ओघात आला म्हणून लिहिला.

जमतं, याचा एक दाखलाही देते. रेवदंड्याकडे एका घरगुती खानावळीत आम्ही गेलो. बाई पंचावन्नच्या पुढच्या असतील. मी नेहमीचं पाल्हाळ लावलं, त्यांनी हाताने थांबवलं आणि विचारलं, ‘काय चालत नाही तेवढंच सांगा.’ बहिणीने सांगितलं. शेवटी जरा संकोचून म्हणाली, ‘चूल मी पेटवली तर चालेल का?’ आमच्यात शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागावा असा नियम आहे, तो तिला पाळायचा होता. बाईंनी काडेपेटी पुढे केली. ‘पेटवा की, माझे तेवढेच श्रम वाचले.’ मग परसात पोपटी लावली. बाजारातून आणलेलं कोरं मडकं, आत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि मीठ. अंडी-कोंबडी घातलीच नाही. मडकं कोरं, त्यामुळे भांड्याचा प्रश्न नाही. तेल-तूप मुळातच नाही, त्यामुळे भाचीचा प्रश्न नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा नि काटक्या रचून बहिणीने आग लावली आणि अर्ध्या तासाने केळीच्या पानावर शेंगा ओतल्या, तेव्हा वरच्या शेंगा करपलेल्या आणि आतले दाणे लोण्यासारखे मऊ झाले होते. आम्हाला एकही वस्तू बरोबर आणावी लागली नाही. ‘तुमच्यासारखे परत आले तर आधी फोन करा, कोरं मडकं आणून ठेवते,’ असं बाईंनी वर सांगितलं. आगाऊ रक्कम घेतली नाही, पाटी तर नव्हतीच.

तर आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक. दंडाच्या पाटीखाली एक ओळ वाढवा : ‘धार्मिक कारणासाठी अथवा वैद्यकीय सल्ल्याने आणलेले सीलबंद किंवा घरचे अन्न यास अपवाद.’ असं अन्न आणणाऱ्याला जेवणघरात बसू द्या, उकळतं पाणी द्या. खोलीत शिजवायला देऊ नका, आग लागण्याची भीती रास्त आहे. पण किचनमधली एक शेगडी अर्धा तास वापरू द्या, त्याचे वाजवी पैसे घ्या.

दोन. जेवणाशिवाय खोलीचा दर ठेवा आणि तो मागितल्यावर नव्हे, आधीच सांगा.

तीन. मेनूकार्डावर, नसेल तर भिंतीवरच्या फळ्यावर, प्रत्येक पदार्थापुढे दूध-तूप आहे की नाही, अंडं आहे की नाही, एवढं खडूने लिहा. माशाचं नाव लिहा. बासा असेल तर बासाच लिहा. फोडणी तेलात हवी की तुपात, हे वाढण्याआधी विचारा.

चार. एक तवा, एक कढई, एक उलथनं वेगळं ठेवा, त्यात मांस-मच्छी कधीच जाणार नाही अशा बेताने. जैनांना आणि तुमच्या वारकरी गिऱ्हाइकांनाही ते हवंच आहे. तेही जमत नसेल तर अख्खा मासा किंवा भाजी फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळून भाजून द्या, पुष्कळांना तेवढं चालतं.

पाच. जे नाही ते लिहू नका. कोशरचा दाखला नसताना ‘कोशर’ लिहू नका, तुपात परतलेल्याला ‘व्हिगन’ म्हणू नका. आम्हाला शिक्का नको आहे. पदार्थात काय आहे, कशात शिजलं, एवढं खरं सांगितलंत की खायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवू.

सहा. प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांची एक साधी यादी करावी : कोणाकडे वेगळी भांडी आहेत, कोणाकडे तुपाशिवाय जेवण मिळतं, कोणाकडे शेगडी वापरता येते. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांनी तसं कळवावं, त्यात कमीपणा नाही. ही यादी संघटनेच्या फोनवर विचारणाऱ्याला मिळावी.

पत्राची एक प्रत राज्याच्या पर्यटन खात्यालाही पाठवत आहे. त्यांच्याकडे मागणं एवढंच आहे, की निवास-न्याहारी योजनेत घरं नोंदवणाऱ्या लोकांना जे शिकवलं जातं त्यात आहाराच्या पथ्यांचा एक तास घालावा. आणि रायगडातल्या सिनेगॉगची माहिती जिथे जिथे छापली जाते, तिथे जेवणाची सोय कुठे होईल हेही छापावं. इमारती बघायला बोलावलेल्या माणसाला दुपारी भूकही लागते.

बिलातल्या दंडाची रक्कम आम्हाला परत नको. त्या मालकांनी हे पत्र वाचलं, तर त्यांना त्यांचं बिल ओळखू येईल. त्यांनी पाटीत ती एक ओळ वाढवली की आमचा त्यांच्यापुरता विषय संपला.

पुढच्या थंडीत बहिणीचे दीर-जावा आणि त्यांची मुलं येणार आहेत, मोठा गोतावळा आहे. बुकिंग मी दिवाळीनंतर करते. त्याआधी ज्या संघटना यादी तयार करतील त्यांनी ती जाहीर करावी. आमच्या सिनेगॉगच्या सूचनाफलकावर ती मी स्वतः लावीन, आणि इस्रायलमधल्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती पोचायला एक संध्याकाळही लागणार नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी मी फोन केला की सरळ ‘नाही’ म्हणावं.

कळावे,
आपली,
ठाण्यातील एक बेने इस्रायल ग्राहक